काळा विनोद चित्रात हसवतो कधी आणि नुसता अंगावर येतो कधी?

तिरपागडा

काळ्या विनोदाच्या हास्यचित्रांची एक पुस्तिका जुळवतो आहे. ४८ पानं, एकरंगी, बहुतेक चित्रं बिनशब्दांची. कच्ची चित्रं साठेक आहेत आणि निवडीला बसल्यावर घोळ सुरू झालाय. काही चित्रांवर बघणारा फस्सकन हसतो, काहींवर 'अरेरे' म्हणतो, काहींवर 'बरं, मग?' असा चेहरा करतो. विषय सगळीकडे मरणाचाच, रेघ एकाच हाताची. मग फरक पडतो कुठे?

नमुन्याला दोन चित्रं सांगतो.

पहिलं: सोसायटीच्या लिफ्टचं दार उघडं आहे, आत लिफ्टच नाही, नुसता काळा खड्डा. एक माणूस फोनवर बोलत आत पाऊल टाकतोय. खाली ओळ आहे, 'हो हो, उतरतोच आहे!' यावर दहातले आठ जण 'हं' म्हणून पान उलटतात.

दुसरं: आयसीयू. नातेवाइकाने व्हेंटिलेटरचा प्लग काढून तिथे मोबाइलचा चार्जर लावलाय.

तिसरी शंका यमाची. यम आणि रेडा काढला की मराठी वाचकाला क्षणात कळतं, पण चित्र गुळमुळीत होतं. असं का होत असावं?

आणि मुळातला प्रश्न. दिवाळी अंकात असं एखादं चित्र मध्येच भेटलं तर मजा येते. पण मरणाचीच ४८ पानं कोणी पैसे देऊन का घ्यावीत? बाहेरच्या देशांत अशी पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या छापली जातात, म्हणजे लोकांना त्यात काहीतरी मिळत असणार. ते काय, आणि पुस्तक बांधताना ते कसं राखायचं?

मोडका टाक

दुसरं चित्र आधी काढून टाका. प्लग आणि चार्जर हा प्रकार व्हॉट्सॲपवर इतका फिरलाय की पलंग दिसला की वाचक शेवटाला पोचलेला असतो. वाचक चित्रकाराच्या आधी पोचला की चित्रात उरतं फक्त मरण, आणि नुसत्या मरणाला कोण हसणार?

पहिल्या चित्राचं दुखणं वेगळं आहे. चित्र सांगतंय की हा पडणार, आणि खालची ओळही कोटी करून तेच सांगतेय. वाचकाला करायला कामच ठेवलेलं नाही. शिवाय हसायचं कोणाला, तर फोनवर बोलणाऱ्या बावळटाला. तो वाहतूक शाखेच्या फलकाचा विषय झाला.

काळ्या चित्राचं यंत्र कसं चालतं ते अमेरिकी व्यंगचित्रकार चार्ल्स ॲडम्सच्या एका चित्रात अगदी उघडं दिसतं. 'द न्यूयॉर्कर'मध्ये १९४६च्या डिसेंबरात आलं होतं. नाताळची गाणी म्हणणारी मंडळी एका जुनाट हवेलीच्या दाराशी मन लावून गातायत. वर छपरावर घरातलं विचित्र कुटुंब उकळत्या ऐवजाची भलीमोठी कढई कलती करतंय. शब्द एकही नाही. मुख्य म्हणजे खाली एक थेंबही अजून पडलेला नाही. पुढचा सगळा प्रकार बघणारा स्वतःच्या डोक्यात पुरा करतो, म्हणजे कढई शेवटी त्यानेच उपडी केलेली असते. हसू येतं ते त्या क्षणी रंगेहाथ सापडल्याचं. तेल पडल्यानंतरचं चित्र काढलं असतं तर ते अपघाताच्या बातमीसारखं वाटलं असतं.

आता तुमची लिफ्ट. फोन काढा, खालची ओळ काढा. खड्ड्याच्या *आतल्या*, समोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवा: 'लिफ्ट बंद आहे. सभासदांनी सहकार्य करावे. – सचिव'. माणूस उंबऱ्याशी उभा, चष्मा नाकावर सारून, मान पुढे काढून ती सूचना वाचायचा प्रयत्न करतोय. सूचना नीट वाचायची तर आणखी एक पाऊल पुढे टाकायला हवं. बास. मरणारा आता बावळट राहिला नाही, उलट नियम पाळणारा सरळमार्गी माणूस झाला, आणि हसू जाऊन बसलं 'सहकार्य करावे' या दोन शब्दांवर.

काढताना काय चुकतं ते सांगतो.

पाय हवेत दाखवू नका. टाच उचललेली, चवडा उंबऱ्यावर, एवढंच. पाय हवेत गेला की माणूस पडायला लागला आणि सूचना वाचायला वेळच उरला नाही.

खड्डा सपाट काळा भरू नका. सपाट काळा म्हणजे अंधारी खोली किंवा पडदा वाटतो, खोली जाणवत नाही. दोन उभे रूळ, मधोमध सैल लोंबणारी केबल आणि समोरच्या भिंतीत खालच्या मजल्याच्या स्लॅबची कड दाखवा. ही कड पायांच्या पातळीखाली दिसली की पोटात गोळा येतो.

चेहऱ्यावर काहीही नको. घामाचे थेंब, वासलेलं तोंड, कपाळावरच्या आठ्या ही सगळी चित्रकाराची घाबरगुंडी असते. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके पुरतात. चेहरा जितका खरा होईल तितका वाचक त्याला 'कोणीतरी' समजायला लागतो आणि 'अरेरे' सुरू होतं.

सूचनेची अक्षरं मुद्दाम बारीक ठेवा, छापून ७ पॉइंटच्या आसपास. वाचक पुस्तक डोळ्यांजवळ नेतो, म्हणजे तोही पुढे वाकतो. याहून बारीक केलीत तर देवनागरीच्या मात्रा आणि अनुस्वार भरून जातील.

पारखायची सोपी युक्ती: चित्र ५ सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, 'पुढे काय होणार?' उत्तर पटकन आलं तर यंत्र चालतंय. 'हा कोण?' असं विचारलं तर चित्र अस्पष्ट आहे. 'अरेरे' म्हटलं तर चेहरा पुसून पुन्हा काढा.

यमाबद्दल म्हणाल तर दोष रेड्याचा नाही. सावित्रीने त्याच्याशी घासाघीस करून नवरा परत आणला होता हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं. ज्याच्याशी घासाघीस चालते त्याची भीती कसली? यम चौकटीत आला की मरणाला नाक, डोळे, मिशा येतात आणि गोष्ट पुराणात जाते. वापरायचाच तर त्याला चौकटीबाहेर ठेवा. रुग्णालयाच्या फाटकाशी नुसता रेडा बांधलेला, गळ्यात अभ्यागताचा पास, शेजारी फलक: 'भेटीची वेळ ४ ते ६'. पहारेकरी डुलकी घेतोय. यम आत कुठल्या मजल्यावर आहे ते वाचक बघून घेईल.

ठिपका

लिफ्टवाल्यात एक भर. उंबऱ्याबाहेर चपलांचे तीन जोड ठेवा. आधी गेलेल्यांचे. 😈

मोडका टाक

नको. चपला बघितल्या की 'आधी तिघं गेले' हा वेगळा विनोद सुरू होतो, आणि सूचना वाचायला माणूस चपला का काढेल हा प्रश्नही पडतो. एका चौकटीत एकच खुंटी. चपला हव्याच असतील तर सूचना काढा आणि उंबऱ्याशी पायपुसणं घाला, त्यावर 'सुस्वागतम'. ते निराळं चित्र होईल, वाईट नाही.

काडेपेटी

घडण झाली, आता 'लोक का घेतात' याकडे वळू. मरणाची भीती घालवायला हसतात हे उत्तर खोटं नाही, पण त्यातून चित्र काढायला काही हाती लागत नाही.

पुस्तकरूपातलं याचं एक जुनं उदाहरण लहान मुलांसाठीचं आहे. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिक हॉफमान यांनी स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलाला नाताळची भेट म्हणून एक वही रंगवली, १८४५मध्ये ती छापली गेली. त्यात काडेपेटीशी खेळणारी एक मुलगी जळून जाते. शेवटच्या चित्रात राखेची ढिगुली, शेजारी तिचे बूट, आणि दोन मांजरी रडतायत, त्यांच्या आसवांचा ओहोळ वाहतोय. (माझ्या नावाचा याच्याशी संबंध जोडू नये.) आता बघा, राख बघून हसू येत नाही. बूट नीट शेजारी-शेजारी ठेवलेले आहेत आणि पाणी, आग विझून गेल्यावर, डोळ्यांतून येतंय, तिथे येतं. भयंकर गोष्टीशेजारी नीटनेटकेपणा ठेवला की काळा विनोद तयार होतो. मोडका टाक यांची 'सहकार्य करावे' ही त्याच घराण्यातली.

पुढे १८६५मध्ये विल्हेल्म बुशने दोन व्रात्य पोरांची चित्रकथा काढली. सात खोड्या झाल्यावर दोघांना गिरणीत घालून भरडतात. पीठ-कण्या जमिनीवर पडतात त्या थेट त्या दोघांच्या आकारात, झुलपांसकट. मग बदकं येऊन टिपून खातात. रक्ताचा ठिपका नाही. पोरांचं धान्य झालं हे अशक्य आहे, आणि म्हणून डोळा न मिटता बघता येतं. तुमच्या साठ चित्रांत जिथे 'अरेरे' येतंय तिथे एकदा तपासा, मरणाचा मार्ग फार *शक्य* कोटीतला तर नाही?

'काळा विनोद' हे नाव प्रचारात आणलं फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंने, त्याचा संग्रह १९४०चा. पण मूळ कल्पना फ्रॉइडने १९२७मध्ये एका छोट्या लेखात फार नेमकी मांडली आहे. सोमवारी फाशी जाणारा कैदी म्हणतो, 'आठवड्याची सुरुवात छान झाली.' म्हणजे माणूस स्वतःच्या मरणाकडे वडीलधाऱ्यासारखा वरून बघतो: 'एवढंच ना?' चित्रात हा वडीलधारा आवाज शब्दांनी येत नाही. तो रेघेच्या शांतपणातून येतो. रेघ थरथरली, शाई शिंतोडली, की आवाज गेला.

अशी पुस्तकं घेणारे लोक विकृत असतात का, हेही तपासलेलं आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी १५६ जणांना जर्मन व्यंगचित्रकार उली श्टाइन यांची १२ काळी चित्रं दाखवली, निष्कर्ष २०१७मध्ये छापले. ज्यांना ती सगळ्यांत जास्त कळली आणि आवडली त्यांचे बुद्धिमापनाचे गुण जास्त होते, शिक्षण जास्त होतं, आक्रमकता आणि मनाची अस्वस्थता मात्र सगळ्यांत कमी. आता हे मलपृष्ठावर छापू नका, असं पुस्तक वाचून कोणी हुशार होतो असा त्याचा अर्थ नाही. कामाचा भाग एवढाच की तुमचा वाचक रक्त शोधत येत नाही. तो कोडं सोडवायला येतो. रक्त दाखवलंत की कोड्याचं उत्तर पानावर सांडलं.

मराठीत हे परकं अजिबात नाही, फक्त आपण ते चित्रात कमी आणि बोलण्यात जास्त ठेवलंय. मढ्याच्या टाळूवरचं लोणी. मेल्या म्हशीला मणभर दूध. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या. आई पोराला लाडाने 'मुडद्या' म्हणते आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण सावध राहा, म्हणींची जशीच्या तशी चित्रं करू नका. वापरून वापरून त्यांतलं मढं झिजलेलं असतं. चित्र काढलं की टाळूही दिसते आणि लोणीही दिसतं, आणि वाचकाला मळमळतं. शब्दाला जे पचतं ते डोळ्याला पचेलच असं नाही.

जाता जाता, बाहेरच्या व्यंगचित्रकारांची ओळख मराठीतून हवी असेल तर वसंत सरवट्यांचं 'परकी चलन' मिळवा. आणि बिनशब्दांचं चित्र वाचकाला कसं वाचायला लावायचं हे शिकायला शि. द. फडणीस. त्यांचा विनोद गोरापान, पण डोळा कुठून कुठे फिरवायचा ही विद्या रंग बघत नाही.

सोळापानी

वरच्या दोघांनी एकेका चित्राचं सांगितलं. ४८ पानांचं गणित वेगळं आहे, आणि धागाकर्त्याचा खरा प्रश्न तोच आहे.

साठ सुटी चित्रं निवडून एकामागे एक लावलीत तर आठव्या-दहाव्या पानापासून वाचक पान उघडल्या उघडल्या 'यातला मरणारा कोणता' हे शोधायला लागेल. कोडं संपलं. यावर उपाय दोन. एक म्हणजे मध्ये मरण नसलेली चित्रं पेरायची, साधारण चारांत एक, आणि तीही अशी की काहीतरी होणारसं वाटावं पण होऊ नये. असं एखादं पान गेलं की वाचकाचा अंदाज विस्कटतो.

दुसरा उपाय जास्त चांगला: मरण आधीच जाहीर करून टाकायचं. अमेरिकी चित्रकार एडवर्ड गोरीचं १९६३चं पुस्तक तसं आहे, इंग्रजी वर्णमालेची २६ अक्षरं आणि दर अक्षराला एक मूल मरतं. तिसऱ्या अक्षरापर्यंत वाचकाला नियम कळतो. मग 'कोण मरणार' हा प्रश्नच राहत नाही, 'हे इतक्या सपाट आवाजात किती वेळ सांगणार' ही गंमत सुरू होते. अस्वलं, जिने, कुऱ्हाडी असं सगळं होत होत एक मुलगा निव्वळ कंटाळ्याने मरतो, खिडकीच्या तळाशी त्याचं अर्धं डोकं तेवढं दिसतं. तो पुस्तकातला सगळ्यांत मोठा हशा, आणि तो सुट्या चित्राला कधीच मिळाला नसता. आधीच्या सगळ्या भीषण मरणांनी त्याची उतरंड रचलेली असते. सायमन बाँडचं मेलेल्या मांजराच्या १०१ उपयोगांचं पुस्तक (१९८१) हेच करतं, फक्त वर्णमालेऐवजी गृहोपयोगी वस्तूंच्या सूचीच्या थाटात. मांजर मेलं कसं ते कुठेच नाही. ते ताठ झालंय आणि त्याचं पेन्सिलीचं शार्पनर केलंय, एवढंच.

आपल्याकडे तयार साचा भिंतीवर टांगलेला आहे: मुळाक्षरांचा तक्ता. अ ते अः बारा, क ते ज्ञ छत्तीस, मिळून बरोबर ४८. दर पानाला एक अक्षर. अ पान १वर घ्या आणि पुढे मोजत जा.

ण येतो पान २७वर. तक्त्यात 'ण बाणाचा' असतो. विषम पान म्हणजे उजवीकडचं, तेव्हा तिथून बाण सुटतो आणि पानाच्या बाहेरच्या कडेकडे जातो. पुढची १८ पानं त थ द ध न आपापल्या उद्योगात, मागे कुठेतरी बाण जाताना दिसतो, कोणी लक्ष देत नाही. काही तक्त्यांत ळ कमळाचा असतो, काहींत बाळाचा. तुम्ही बाळ घ्या. ळ पडतो पान ४६वर, म्हणजे पान उलटल्या उलटल्या डावीकडे, आणि त्याच जोडपानावर उजवीकडे ४७वर क्ष, क्षत्रियाचा. बाळ खुळखुळा उचलायला वाकलंय, बाण त्याच्या डोक्यावरून पुढे जातोय. क्षत्रिय ढाल परजून, छाती काढून उभा, तोंड उजवीकडे, पाठ बाणाकडे. इथेच थांबा. बाण लागलेला दाखवू नका. ज्ञ च्या पानावर सगळं शांत.

आणखी एक. ङ आणि ञ यांना बहुतेक तक्त्यांत चित्रच नसतं, कारण त्यांनी सुरू होणारा शब्द नाही. ती पानं (१७ आणि २२) तशीच रिकामी सोडा, फक्त कलंडलेली छोटी खुर्ची काढा. सगळ्या पुस्तकातली सगळ्यांत काळी पानं ती होतील आणि त्यांत कोणीच नसेल.

पान उलटण्याबद्दल दोन शब्द. मराठी वाचकाला हे शिकवायची गरज नाही, 'आवाज'च्या खिडकीचित्रांनी पिढ्या तयार केल्या आहेत. खिडकीतून काहीतरी भलतंसलतं दिसतं, पान उलटलं की आत निरागस प्रकार निघतो. काळ्या विनोदात उलट क्रम लावा, आधी निरागस, मग पान उलटून घात. आधीचं चित्र नेहमी विषम पानावर, घात पुढच्या सम पानावर. दोन्ही समोरासमोर आली तर डोळा पहिल्याच झटक्यात दोन्ही बघतो.

तिरपागडा

बाण डोक्यात घुसला आहे, धन्यवाद. मुळाक्षरांचंच करतो, लिफ्ट 'ल'ला जाईल.

आता अवघड जागा. साठांत सहा चित्रं आत्महत्येवरची आहेत, त्यांतली दोन शेतकऱ्याची. ठेवू की नको? अँडी रायलीचं आत्महत्या करणाऱ्या सशांचं पुस्तक आठवून धीर केला होता.

काडेपेटी

ती दोन आज काढा. झाड, दोर आणि बाजूला पांढऱ्या टोपीतला पुढारी हे चित्र मराठी वर्तमानपत्रांत इतक्यांदा आलंय की त्यात ना संताप उरलाय ना विनोद, आणि शेतकऱ्याच्या घरातला माणूस ते पुस्तक उघडणारच नाही असं समजायचं कारण नाही. त्या विषयावर चित्र हवंच असेल तर शेतकरी चौकटीत येऊच नये. कचेरीतलं टेबल दाखवा, मदतीची फाइल, त्यावर शेरा: 'अर्जदाराने समक्ष हजर राहावे.' फाइलीच्या लाल दोरीला गाठ. मेलेल्याकडे बोट नाही, टेबलाकडे आहे.

रायलीचं पुस्तक (२००३) चालतं याची कारणं नीट बघा. ससा पांढरा, चेहरा निर्विकार, त्याचं दुःख कुठेही नाही. सगळी ताकद मार्गाच्या लांबलचक खटाटोपात. नोहाच्या नौकेत सगळे प्राणी चढतायत आणि दोन ससे काळे चष्मे घालून निवांत आरामखुर्च्यांत ऊन खातायत. पुरात बुडायचं म्हणून. कोणी अनुकरण करू शकेल असं त्यात फारसं काही नाही. तरीसुद्धा २००८मध्ये ओरेगनमधल्या एका शाळेच्या ग्रंथालयावरून त्यावर वाद झालाच होता. तेव्हा उरलेल्या चारांना चाळणी लावा: घरात जे सहज हाताशी असतं असं साधन चित्रात असेल तर बाद, चेहऱ्यावर निराशा असेल तर बाद, आणि चित्रातला माणूस शेजारीपाजारी ओळखता येईल इतका खरा असेल तरी बाद. चारांतलं एखादं उरेल. नाही उरलं तरी ४८ अक्षरांत आत्महत्येचं अडणार नाही.

घडलेल्या, नावानिशी माहीत असलेल्या दुर्घटनांवरची चित्रंही यात धरा. पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरेन या संशोधकांनी २०१०मध्ये मांडलं तसं, हसू येतं ते काहीतरी मोडतंय आणि तरी सगळं ठीक आहे असं एकाच वेळी वाटतं तेव्हा. ज्याच्या घरी ठीक नाही त्याला तुम्ही कुठल्या तोंडाने हसायला सांगणार? उलट बाजूचं उदाहरण ब्रिटिश व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्लचं. १९४२मध्ये सिंगापूर पडल्यावर तो जपान्यांच्या कैदेत गेला, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबला, तिथली चित्रं त्याने पटकी झालेल्यांच्या अंथरुणाखाली लपवून वाचवली. ती चित्रं विनोदी नाहीत. विनोदासाठी त्याने निवडलं काय, तर मुलींची शाळा, जिथे विद्यार्थिनी आगी लावतात आणि बाई शांतपणे विचारतात की काल रात्री पूर्वेकडची इमारत कोणी जाळली. क्रौर्य त्याने अशा जागी नेऊन ठेवलं जिथे ते कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

ठिपका

'अर्जदाराने समक्ष हजर राहावे' हे 'अ'ला घ्या. अननस गेला तेल लावत.

सोळापानी

छपाईचं राहिलं, कारण या पुस्तकात छपाई चुकली तर विनोदच मरेल.

कागद. नेहमीचा ७० जीएसएम (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जास्त तितका जाड) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा बिनचकाकीचा कागद, घेऊ नका. मागच्या पानावरचा गडद भाग आरपार दिसतो, म्हणजे पान उलटायच्या आधीच घात कळतो. १०० ते १२० जीएसएम घ्या, आणि डमीचं (नमुना प्रतीचं) पान उजेडासमोर धरून बघा. चकचकीत आर्ट पेपर नको, त्यावर रेघ फार धारदार येते आणि लिफ्टची सूचना लग्नपत्रिकेसारखी दिसते.

रेघ. मूळ चित्र छापायच्या मापाच्या दीडपट काढा, छापताना ६७ टक्के करा. टाकाने सावलीसाठी रेघांची जाळी घालणार असाल तर लहान केल्यावर दोन रेघांत पाव मिलिमीटर तरी जागा उरली पाहिजे, नाहीतर मॅपलिथोवर शाई पसरून जाळीचा डाग होतो. गोरीसारखी दाट जाळी काढायचा मोह होईलच, तेव्हा आधी एक पान छापून बघा. नुसत्या रेघांची चित्रं १२०० डीपीआयला, काळं-पांढरं अशा बिटमॅपमध्ये स्कॅन करा. पाणी मारून करडी छटा दिली असेल तर ग्रेस्केल, ३०० ते ४००. दोन्ही जातींची चित्रं एकाच फायलीत एकाच रीतीने टाकलीत तर रेघेच्या कडा फुलतात. आणि काळा म्हणजे फक्त काळा, १०० टक्के. चार रंग मिसळून केलेला काळा प्लेट जरा हलली की रेघेला लाल-निळी किनार देतो.

बांधणी. ४८ पानं म्हणजे सोळाचे तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा), मधोमध पिना मारून चालेल. मुखपृष्ठ वेगळं, शीर्षक आणि श्रेयनामावली त्याच्या आतल्या बाजूला घ्या म्हणजे अक्षरांना पूर्ण ४८ पानं मिळतात. पण पिना मारल्यावर मधली पानं बाहेरच्या अंगाला सरकतात आणि कटिंगला जास्त कापली जातात. ण आहे पान २७वर, म्हणजे मधल्या जोडपानाला, २४-२५ला, लागूनच. बाणाचं टोक कडेपासून १० मिलिमीटर आत ठेवा. कडेला टेकवलंत तर कटिंगवाला ते कापून टाकेल आणि पुढची १८ पानं नुसती काठी उडताना दिसेल.